वेगळा ठेवलेला कप

आजाऱ्यांना भेटणे हे शारीरिक दयेच्या सात कृत्यांपैकी एक होय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी पाठ केलेले असते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशूने स्वतःलाच आजारी माणसाच्या जागी ठेवले आहे, हेही आपल्याला ठाऊक असते. परंतु पाठ केलेली गोष्ट आचरणात आणू लागलो की एक अवघड प्रश्न पुढे येतो. ताप आलेल्या माणसाची सेवा केली आणि चार दिवसांनी तो उठून बसला, तर त्या सेवेचे फळ डोळ्यांना दिसते. पण ज्याचा कर्करोग अंगभर पसरला आहे, ज्याला मोठ्या रुग्णालयाने ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितले आहे, त्याच्या उशाशी वैद्यकाचे काडीचेही ज्ञान नसलेल्या शेजाऱ्याने जाऊन बसावे ते कशासाठी? त्याच्यापाशी देण्यासारखे काय आहे?

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील धर्मग्रामांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, संगमनेर ह्या पट्ट्यातील कष्टकरी कुटुंबांत तंबाखू-चुना आणि मिश्री ह्यांनी तोंडाच्या कर्करोगाला वाट करून दिली आहे. स्त्रियांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग लाजेपोटी वा कामाच्या रेट्यात अंगावर काढला जातो. मग पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे तेथे जात आहेत. मुक्कामासाठी कोणाला दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत जागा मिळते, कोणी पदपथावर दिवस काढतात. उपचार संपवून किंवा अर्धवट सोडून रुग्ण गावी परततो, आणि त्याच्या दुखण्याचा दुसरा अध्याय सुरू होतो.

पहिल्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरते. पुढे वर्दळ ओसरते. येणारे उंबरठ्यावरूनच विचारपूस करतात. चहा पुढे आला की ‘नको, आत्ताच घेतला’ म्हणतात. काही घरांत तर रुग्णाचे ताट, तांब्या आणि कप वेगळा काढलेला असतो. मुलांना त्याच्या खाटेजवळ जाऊ देत नाहीत. कर्करोग स्पर्शाने, श्वासाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही, हे डॉक्टरांनी कितीदा तरी सांगितले आहे. केमोथेरपी चालू असताना आपला सर्दी-खोकला रुग्णाला लागू नये म्हणून काळजी घ्यावी लागते खरी; पण ती त्याच्या रक्षणासाठी असते. वेगळा कप ठेवला जातो तो आपल्या भीतीसाठी.

वेगळ्या कपाचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज आहे काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येशूसंघीय धर्मगुरू केंदळ परिसरात आले, तेव्हा ज्यांनी शुभवर्तमान स्वीकारले त्यांतील बहुसंख्य आपले पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. त्यांना पाणी वरून ओतून मिळे. चहाच्या दुकानात त्यांच्यासाठी फुटका कप बाहेर खुंटीला टांगलेला असे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा प्रश्न तहानेपुरता नव्हता, माणुसकीचा होता. ज्यांच्या आजोबांनी तो टांगलेला कप पाहिला, त्यांच्याच घरात आज आजारी आईचा कप वेगळा ठेवला जावा, ह्याहून मोठा विसर कोणता?

स्वयंसेवेचे मर्म मला येथेच दिसते. योहानच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शोमरोनी स्त्रीला विहिरीवर भेटतो, तो प्रसंग आठवावा. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला तोंड लावीत नसे. जिवंत पाणी देणारा तो प्रभू; पण आरंभी त्याने काही दिले नाही, तिच्याजवळ प्यायला पाणी मागितले. ज्या स्त्रीकडून कोणी यहुदी काही घेणार नाही, तिला त्याने देणाऱ्याच्या जागी बसविले. पुढचा सगळा संवाद त्या मागण्यातून फुलला.

दीर्घ दुखण्यात माणूस काय गमावतो? बळ, कमाई, रूप हे तर जातेच. पण सर्वांत जिव्हारी लागते ती देण्याची शक्ती गेल्याची जाणीव. जन्मभर ज्या माउलीने दहा माणसांना भाकरी वाढली, तिला आता पाण्याचा घोटही दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो. अशा वेळी आपण फळांची पिशवी घेऊन येतो, उपदेश देतो, आशीर्वाद देतो आणि निघून जातो. आपण जितके अधिक देतो तितके तिचे रितेपण तिला अधिक टोचते. म्हणून जो स्वयंसेवक तिच्या खाटेशी बसून त्याच घरच्या कपाने चहा पितो, तिला एखाद्या भाजीची कृती विचारतो, आपल्या मुलासाठी प्रार्थना करायला सांगतो, तो तिला पुन्हा देणाऱ्यांच्या पंक्तीत बसवितो. आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: जेथे बरे करणे आपल्या हाती नसते, तेथे घेणे आपल्या हाती असते.

ह्यावर कोणी म्हणेल, वेदनेने तळमळणाऱ्याला चहाच्या गप्पांचा काय उपयोग? हा आक्षेप रास्त आहे. वेदनेचे निवारण हा रुग्णाचा हक्कच आहे. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या स्त्रीने परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि पुढे डॉक्टर होऊन मरणासन्नांच्या वेदनेचा अभ्यास केला. डॉक्टर होण्यापूर्वी त्या अशा रुग्णांच्या एका निवासात स्वयंसेविका म्हणून जात असत. पुढे आयरिश धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ निवासात त्यांनी मॉर्फिन ठरावीक वेळाने, वेदना उसळण्यापूर्वीच देण्याची पद्धत रूढ केली आणि १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. आपल्याकडे १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना ह्या नावाने डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी देशातील असे पहिले शुश्रूषागृह स्थापिले. तेथे होली क्रॉसच्या धर्मभगिनी कोणत्याही धर्माच्या रुग्णाची विनामूल्य सेवा करतात. आपल्या देशात अफूची कायदेशीर लागवड होते, तरी १९८५ च्या कडक कायद्यामुळे मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोहोचणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली ते नियम सैल करण्यात आले. तेव्हा वेदना असह्य झाली असेल तर रुग्णाला योग्य डॉक्टरकडे नेणे हे स्वयंसेवकाचे पहिले काम. ‘दुःख देवाला अर्पण कर’ हे सांगण्याची घाई त्याने करू नये. स्वतःचे दुःख अर्पण करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, दुसऱ्याचे दुःख अर्पण करण्याचा कोणालाच नाही. पोप बाराव्या पायस ह्यांनी १९५७ सालीच वेदनाशामक औषधे घेण्यास नैतिक अडसर नाही, हे स्पष्ट केले आहे.

दुसरी सावधगिरी जिभेची. ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तोपर्यंत ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले, त्याच्या आपत्तीचे कारण त्याच्याच पापात शोधले, आणि शेवटी देवाचा रोष ओढवून घेतला. आपणही ‘अमक्याचे असेच झाले होते’ किंवा ‘विश्वास कमी पडला असेल’ असे सहज बोलून जातो. एवढ्याशा वाक्याने रुग्णाची रात्र जड होते.

आणखी एक पेच सत्याचा. घरचे म्हणतात, ‘त्यांना आजाराचे नाव सांगू नका.’ स्वयंसेवकाने ते नाव फोडू नये. ते काम कुटुंबाचे आणि डॉक्टरांचे. पण त्याने खोटेही बोलू नये. रुग्णाने थेट विचारले तर ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारून ऐकत राहावे. बहुधा त्याला सारे कळलेले असते. ते कोणाजवळ तरी बोलता यावे एवढीच त्याची इच्छा असते.

‘आम्ही हातावर पोट असलेली माणसे, एवढा वेळ आणायचा कोठून?’ असेही विचारले जाते. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपला प्रवास कायमचा सोडून जखमी माणसापाशी बसून राहिला नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला उताराशाळेत पोहोचविले, मालकाला दोन दीनार दिले, परत येण्याचे वचन दिले आणि तो आपल्या कामाला गेला. सेवा वाटून घेता येते, हे त्याने दाखविले. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार ह्यांनी सुरू केलेल्या कार्यातून पुढे असेच घडले: सामान्य शेजाऱ्यांनी प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले थोडे तास रुग्णांना देऊ केले, आणि गावोगाव घरच्या घरी शुश्रूषा होऊ लागली. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळ, युवक संघ आणि व्हिन्सेंट डी पॉल संस्थेला हे अशक्य नाही. एकाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे पाहावीत, एकाने रेल्वे भाड्याच्या सवलतीचा अर्ज भरून द्यावा, एकाने रात्री जागणाऱ्या सुनेला दोन तास झोपू द्यावे. मात्र ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जावे. जो मंगळवारी येतो म्हणून येत नाही, त्याची वाट पाहण्यात रुग्णाचा अख्खा दिवस जातो.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्दच्या मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तो १९९२ साली घोषित केला. त्या दिवशी मंदिरात आजाऱ्यांसाठी मिस्सा होते, त्यांना अभ्यंगसंस्कार दिला जातो, आणि ते उचितच आहे. पण मिस्साच्या वेळी ख्रिस्तप्रसाद घेताना आपण सर्व एकाच भाकरीचे आणि एकाच प्याल्याचे वाटेकरी होतो, असे आपण मानतो. ते खरोखर मानीत असू, तर १२ फेब्रुवारीला कोणाच्या तरी घरी जाऊन खाटेशेजारी बसावे, आणि चहा आला तर नाही म्हणू नये.