खोडता यावं म्हणून

2025 साली बेंगळुरूच्या एका शेणकिड्याची बातमी झाली. शहराच्या कडेला ‘विस्तार’ या संस्थेचं आवार आहे. तिथे मिळालेला भुंगेरा याआधी कुणी नोंदवलेला नाही, असं बेंगळुरूतल्याच एट्री या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी जाहीर केलं, आणि जागेवरून त्याचं नाव ठेवलं ओनायटिस विस्तारा.

हा किडा काही कुणापासून दडून बसलेला नव्हता. या गटातले भुंगेरे शेणाच्या पोखाली बोगदे खणून अळ्यांसाठी शेण खाली नेऊन ठेवतात. पो काडीने उलथला की दिसतात. गुराख्यांनी, गोवऱ्या थापणाऱ्या बायांनी त्याला किंवा त्याच्या भाऊबंदांना कितीदा तरी पाहिलं असेल. किडा जुनाच, नवा आहे तो कागद. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून जमीन निर्माण होत नाही, तसंच हे. पण सातबारा नसला की काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.

शेणकिडे त्या मानाने दांडगे. खरी कसोटी लागते ती दीड-दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यांपाशी. त्यांना टाचणी टोचली तर ते फुटतात. म्हणून टाचणीत कागदाचा बारीक त्रिकोण ओवायचा आणि त्याच्या टोकावर, डिंकाच्या ठिपक्यावर किडा चिकटवायचा. खाली चिठ्ठ्या: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. नुसतं पाहूनही भागत नाही. कितीतरी जाती पाठीवरून अगदी एकसारख्या दिसतात; फरक असतो तो नराच्या जननेंद्रियात. वाळलेला किडा कोमट पाण्यात मऊ करायचा, वाकवलेल्या सुईने पोटाच्या टोकातून तो अवयव अलगद ओढून काढायचा आणि कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मांस विरघळू द्यायचं. उरते ती कायटिनची कडक, पिवळट नळी. तिचा बाक, टोकाची खाच, बाजूचे केस. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र काढण्यात अख्खी दुपार जाते, आणि सुई जरा जास्त दाबली तर दुपारही जाते आणि किडाही.

एवढं करून फक्त हा किडा कसा आहे ते कळतं. तो नवा म्हणायचा तर जुने सगळे माहीत हवेत, आणि जुने दूर आहेत. भारतातल्या शेणकिड्यांचा मोठा आढावा गिल्बर्ट अ‍ॅरो यांनी 1931 साली लिहिला, तेव्हा ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये होते. इथल्या अनेक जातींचे मूळ नमुने आजही तिकडच्या पेट्यांत आहेत. म्हणून या कामात माणसं एकमेकांना धरून असतात. सायली शेठ आणि पुण्याच्या मॉडर्न कॉलेजातले हेमंत घाटे यांनी 2018 साली महाराष्ट्रातल्या कोपेलेटस या पाणभुंगेऱ्यांच्या तीन नव्या जाती मांडल्या, त्यात प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयातले यिर्शी हायेकही होते. नाहीतर पेट्या पडून राहतात. विल्यम ब्लॉक यांनी केनियात 1965 साली गोळा केलेल्या, एक मिलिमीटरही न भरणाऱ्या एका भुंगेऱ्याला 2019 साली मायकेल डार्बी यांनी हवामान-चळवळीतल्या ग्रेटा थनबर्गचं नाव दिलं. ती मुलगी जन्मण्याआधी कितीतरी वर्षं तो किडा लंडनच्या संग्रहालयात तिची वाट पाहत होता, असं म्हणायला हरकत नाही. नमुना हाती येण्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात, असं 2012च्या एका अभ्यासात निघालं.

मला जातींच्या वर्णनांच्या या लिखाणाचं आकर्षण आहे ते वेगळ्याच कारणासाठी. प्राण्यांच्या नावांचा जो आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह आहे, त्यानुसार नव्या जातीचं नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला होलोटाइप म्हणतात; बहुधा लाल चिठ्ठी लावून तो वेगळा ठेवतात. म्हणजे नावाचा खरा धनी तो एकच मेलेला किडा. बाकी शेणात राबणारे जिवंत सगळे त्याच्याशी जुळतात म्हणून त्या नावाचे. आणि लेखात लिहावं लागतं की तो नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे. म्हणजे लेखक म्हणतो: माझं हे असं मत आहे, माझा पुरावा अमुक ठिकाणी आहे, पटत नसेल तर जाऊन बघा. स्वतःला खोडून काढण्याची सोय लेखक स्वतःच करून ठेवतो. सभेत, लेखात, घरच्या वादात आपण इतकी मतं ठोकून देतो. त्यांतल्या कितींना अशी लाल चिठ्ठी लावता येईल?

याचा उपयोग काय, हा प्रश्न येतोच. उत्तर आहे, आणि ते साबुदाण्यापर्यंत जातं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसाव्यावर 1970च्या दशकात आफ्रिकेत पिठ्या ढेकूण पडला. त्याचा नैसर्गिक शत्रू शोधायला तज्ज्ञ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात गेले, तिथे तसाच दिसणारा ढेकूण मिळाला, त्याच्यावरच्या गांधीलमाश्या आणल्या आणि त्या निकामी ठरल्या, कारण ढेकूण दुसऱ्या जातीचा होता. खरा ढेकूण 1981 साली पराग्वेत मिळाला, आणि त्याच्याबरोबर खरी गांधीलमाशीही. तोच ढेकूण 2020 साली केरळात पोचला, तेव्हा बेंगळुरूच्या हेब्बाळमधल्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तीच चिमुकली माशी बाहेरून मागवली. वर्णनातल्या केसाएवढ्या फरकावर उपासाची खिचडी अवलंबून होती.

पण हा युक्तिवाद मला फार ताणावासा वाटत नाही. वर्णन झालेल्या भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जाती आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा कुणाला काडीचा उपयोग होणार नाही. उपयोगाची अट घातली तर वर्णनं थांबतील, आणि कामाचा किडा कोणता हे आधी कळायचं कसं?

संशोधनाचं मोल उद्धरणांच्या संख्येवरून मोजणाऱ्यांना हे पटत नाही. जातीच्या नावामागे वर्णन करणाऱ्याचं आडनाव आणि साल लागतं, पण ते उद्धरण म्हणून सहसा मोजलं जात नाही. झूटॅक्सा या नियतकालिकात जगातल्या नव्या जातींचा मोठा वाटा छापून येतो. 2020 साली स्वतःलाच फार उद्धृत करतं म्हणून त्याला मानांकनाच्या यादीतून वगळलं होतं. जुनी वर्णनं तिथेच छापलेली असतील तर त्यांचा दाखला दुसरीकडून कुठून आणायचा? जगभर ओरड झाली, आणि काही आठवड्यांत ते यादीत परत आलं.

बेंगळुरूच्या कडेची कुरणं इमारतींखाली जात आहेत. शेण तरी कुठून येणार? आणि शेण असलं तरी जनावरांना जंतासाठी आयव्हरमेक्टिन हे औषध दिलं की ते शेणात उतरतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. अशा वेळी नावं देत बसण्यात काय अर्थ, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. किती जाती होत्या हेच नोंदवलेलं नसेल, तर किती गेल्या याचा हिशेब कुणाकडे मागणार?

आणि पुढेमागे एखाद्या विद्यार्थ्याला वाटलं की अमुक जात वेगळी नाहीच, कुणी तरी शंभर वर्षांपूर्वी तिला नाव देऊन ठेवलंय, तर तो तसं लिहील. नवं नाव जुन्या नावाखाली जाईल. या क्षेत्रात हे रोज होतं आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. त्यासाठी कुणाच्या मान्यतेची गरज नाही. पेटी उघडायला संग्रहालयाच्या क्युरेटरची परवानगी तेवढी लागेल.