मुक्या सोबत्याची संमती

सरकारी नोकराच्या घरी बदलीचा हुकूम आला की तो सर्वांस वाचून दाखविला जातो. मुले नव्या शाळेच्या चिंतेत पडतात, गृहिणी भांड्यांच्या पेट्या मोजू लागते, म्हातारी माणसे 'आता आणखी किती लांब?' असे विचारतात. दाराशी बसलेले कुत्रे तेवढे काही विचारीत नाही. सामानाची बांधाबांध चालू असता ते या खोलीतून त्या खोलीत हिंडते आणि अखेर मालकाच्या पायांशी येऊन बसते. त्याच्या लेखी प्रश्न तेथे सुटलेला असतो. आमच्या लेखी तो तेथे सुरू होतो.

हा प्रश्न आमच्या मनात पुन्हा जागा झाला तो एका जोडप्याच्या सागरप्रवासाची हकीकत वाचताना. माइल्स स्मीटन हे हिंदी सैन्यात अधिकारी असलेले गृहस्थ व बेरिल ही त्यांची पत्नी. १९३९ साली चित्रळमधील तिरिच मीर शिखर चढण्याचा प्रयत्न या उभयतांनी केला, तेव्हा त्यांच्यासोबत तरुण तेनसिंग होता, एवढे सांगितले म्हणजे ही माणसे कोणत्या मातीची होती ते कळेल. युद्धानंतर त्यांनी 'त्झू हँग' नावाचे सेहेचाळीस फूट लांबीचे शिडाचे गलबत घेतले, आणि १९५६ च्या डिसेंबरात ती दोघे त्यातून मेलबर्नहून इंग्लंडकडे निघाली. मुलगी तेथे शाळेत होती. मुलांना पुण्यास वसतिगृहात ठेवून दूरच्या मुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस त्या निघण्यामागची ओढ निराळी समजावून सांगावयास नको. मार्ग मात्र त्यांनी निवडला तो केप हॉर्नला वळसा घालणारा. सोबत जॉन गझवेल हा तरुण नाविक होता, आणि प्वे नावाची एक सयामी मांजरी होती.

१४ फेब्रुवारी १९५७ रोजी दक्षिण पॅसिफिकमध्ये एका प्रचंड लाटेने गलबत मागून उचलले, नाळेवर उभे केले आणि पालथे घातले. सुकाणूवर बेरिल होती. तिच्या कमरेची दोरी तुटली व ती समुद्रात फेकली गेली. गलबत पुन्हा सुलटे झाले तेव्हा दोन्ही डोलकाठ्या गेल्या होत्या, वरची लाकडी खोली उखडून तेथे मोठे भगदाड पडले होते आणि आत पाणीच पाणी होते. जखमी बेरिल पोहत परत आली. तिघांनी बादल्यांनी पाणी उपसले, गझवेलने फळ्या व कापड लावून भगदाड बुजविले, आणि त्या मोडक्या सांगाड्याला तात्पुरती शिडे लावून त्यांनी काही आठवड्यांनी चिलीचा किनारा गाठला. मांजरीही जगली.

येथवरची कथा शौर्याची आहे व शौर्याची कथा कोणासही आवडते. पण ते शौर्य कोणाचे? माइल्सने व बेरिलने धोका जाणून पत्करला, गझवेलनेही जाणून पत्करला. मांजरीस कोणी विचारले? स्वतःचे प्राण पणास लावणे यास आम्ही धैर्य म्हणतो; दुसऱ्याचे प्राण त्याच्या नकळत पणास लावणे यास तोच शब्द कसा लावावा? मांजराच्या जागी कुत्रे असते तर प्रश्न अधिकच बोचला असता. डुलत्या फळ्यांवर त्याचे पाय ठरत नाहीत, पायांखाली सवयीची माती नसल्याने ते दिवस दिवस शरीरधर्म रोखून धरते, आणि तरीही मालकाने हाक मारली की ते शेपूट हलविते. ती हलणारी शेपूट पाहून आम्ही म्हणतो, 'पाहा, कसे आनंदाने आले आहे!' विश्वासास संमती समजण्याची ही चूक माणूस फार जुन्या काळापासून करीत आला आहे, आणि ती त्याने केवळ जनावरांपुरती ठेवली आहे असेही नाही.

धर्मराजाच्या कुत्र्याचे उदाहरण येथे कोणी देईल. परंतु ते कुत्रे हस्तिनापुरापासून आपल्या पायांनी मागोमाग आले होते. धर्मराजाने त्यास उचलून हिमालयावर नेले नव्हते. त्याने इंद्रास नकार दिला तो जो मागे आला त्यास टाकणार नाही एवढ्यापुरता. न आलेल्यास न्यावे की नाही, हा प्रश्न व्यासांनी तेथे उपस्थित केलेला नाही.

अलीकडे, २०२३ साली, टिम शॅडॉक नावाचा ऑस्ट्रेलियन गृहस्थ मेक्सिकोहून निघून दोन महिन्यांहून अधिक काळ पॅसिफिकमध्ये भरकटला. कच्ची मासळी व पावसाचे पाणी यांवर तो जगला, आणि त्याच्यासोबत बेला नावाची त्याची कुत्रीही जगली. ती त्यास मेक्सिकोत भेटली होती. तिला कोणाच्या तरी घरी ठेवण्याचा त्याने प्रयत्न केला, पण ती पुन्हा पुन्हा त्याच्यामागून पाण्यापर्यंत येई, असे त्याने सांगितले. म्हणजे येथे धर्मराजाचीच गोष्ट घडली म्हणावी. पण सुटका झाल्यावर शॅडॉकने बेलास त्याच मासेमारी बोटीवरील एका खलाशाच्या हवाली केले, नीट सांभाळीन असे वचन घेऊन. त्यास आम्ही दोष देत नाही. दोष देण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. का नाही, ते पुढे येईलच.

स्मीटन दांपत्याविषयी आमचे मत मात्र सहज ठरेना. चिलीत गलबत दुरुस्त करून डिसेंबर १९५७ मध्ये ती दोघे त्याच मार्गाने पुन्हा निघाली. गझवेल या वेळी नव्हता; मांजरी होती. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी समुद्राने गलबत पुन्हा उलटविले, डोलकाठ्या पुन्हा गेल्या, आणि पुन्हा सर्व जगून परतली. पहिल्या वेळी अज्ञान होते असे म्हणता येईल; दुसऱ्या वेळी ती सबब उरली नव्हती. माइल्सने या प्रवासांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'वन्स इज इनफ' म्हणजे 'एकदा पुरे' असे आहे. ही थट्टा त्यास शोभते. मांजरीस ती कितपत रुचली असती, हा प्रश्न निराळा. आणि हीच दोघे पुढे कॅनडातील आल्बर्टा प्रांतात स्थायिक झाली व तेथील माळरानांवरून नाहीशा झालेल्या स्विफ्ट फॉक्स या छोट्या कोल्ह्याची पैदास करून त्यास पुन्हा रानात सोडण्याच्या खटपटीस लागली. प्राण्यांविषयी त्यांस माया नव्हती असे म्हणण्यास जागाच नाही.

तरी त्यांच्या बाजूने एक गोष्ट राहतेच. मांजरी ज्या लाटेखाली गेली, त्याच लाटेखाली तीही गेली होती. तिला बुडवून स्वतः कोरडे राहण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती. मुक्या जिवास संकटात नेण्याचा अधिकार कोणास असेलच, तर तो त्याच फळीवर उभ्या असलेल्यास, एवढे तरी आम्हांस मान्य करावे लागते.

हे मान्य करणे आम्हांस सुखाचे नाही. शिलाँगहून जोधपुरास आमची बदली झाली तेव्हा घरी मोती होता. दाट केसांचे, थंडीत वाढलेले कुत्रे. ब्रेकव्हॅनमधील पिंजऱ्यात इतके दिवस त्यास कसे कोंडावे, वाळवंटातला उन्हाळा त्यास कसा सोसवेल, असा विचार करून, त्याच्याच हितासाठी, आम्ही त्यास शेजारच्या सज्जन कुटुंबाकडे ठेवले. डब्यात चौघांच्या पाच वळकट्या आणि हार्मोनियमची पेटी होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. जोधपुरास त्या वर्षी आम्ही पंख्याखाली बसून त्याच्या हिताचे समाधान पुष्कळदा एकमेकांस सांगितले.

पावसाळ्यात शेजाऱ्यांचे पत्र आले. मोती खातोपितो, प्रकृती उत्तम आहे, मुलांशी खेळतोही. फक्त संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, कचेरी सुटण्याच्या वेळी, आमच्या जुन्या बंगल्याच्या फाटकाशी जाऊन बसतो आणि अंधार पडल्यावर आपणहून परत येतो, असे त्यांनी लिहिले होते. नव्या अधिकाऱ्यांची त्यास हरकत नव्हती. उत्तर लिहावयास आम्हांस दिवाळी उजाडली.