पाहणाऱ्यावरचे ऋण

1999 सालच्या जुलै महिन्यातील ही घटना आहे. लंडन शहरात दुसऱ्यांची मुले आपल्या घरी सांभाळणारी एक बाई होती. इंग्लंडमध्ये अशा स्त्रियांना ‘चाइल्डमाइंडर’ म्हणतात. 13 तारखेच्या संध्याकाळी एक स्त्री सात वर्षांच्या मुलीला घेऊन तिच्या दारी आली आणि ‘हिला कायमचीच ठेवून घ्या,’ असे म्हणू लागली. बाईंना ते शक्य नव्हते, परंतु एका रात्रीपुरते त्यांनी मुलीला ठेवून घेतले. तिच्या अंगावरच्या जखमा त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने त्या लेकराला रुग्णालयात नेले.

त्या लेकराचे नाव व्हिक्टोरिया क्लिम्बी. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशातून तिच्या वडिलांच्या आत्याने तिला शिक्षणासाठी म्हणून युरोपात आणले होते. रुग्णालयातील पहिल्या डॉक्टरांना मारहाणीचा संशय आला. परंतु वरिष्ठ डॉक्टरांनी त्या खुणा खरजेच्या ठरवल्या आणि 15 जुलैला मुलगी पुन्हा त्याच घरी गेली. 25 फेब्रुवारी 2000 रोजी ती मरण पावली. तिच्या देहावर 128 जखमा आढळल्या. लॉर्ड लॅमिंग ह्यांच्या चौकशी अहवालात, जो जानेवारी 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, असे नमूद आहे की तिला वाचवण्याच्या निदान बारा संधी वाया गेल्या. चार समाजसेवा विभाग, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथके आणि दोन रुग्णालये ह्या सर्वांना ती ठाऊक होती.

वाचकहो, ही कथा येथे सांगण्याचा हेतू डोळ्यांत पाणी आणण्याचा नाही. तिच्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. ज्याच्या हाती अधिकार नाही, पदवी नाही, परंतु ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याच्यावर त्या पाहण्याचे ऋण किती? आणि ते केव्हा फिटते?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की मुले सांभाळणाऱ्या बाईंचे ज्ञान निराळ्या जातीचे असते. डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतो, अधिकारी महिन्यातून एकदा भेटतो. ह्या बाईंच्या घरी मात्र मूल दिवसाचे आठ आठ तास असते. ते जेवते कसे, झोपेत दचकते का, घ्यायला कोण आले की त्याचा चेहरा खुलतो आणि कोण आले की ते पडद्यामागे लपते, हे तिला विचारावे लागत नाही. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे एका चाइल्डमाइंडरकडे एका वेळी आठ वर्षांखालील जास्तीत जास्त सहा मुले असू शकतात. एवढ्या लहान घरात काही लपून राहत नाही. हे ज्ञान तुकड्यातुकड्यांचे असते हे खरे, परंतु ते रोजचे असते.

लॅमिंग अहवालानंतर 2004 साली त्या देशात बालकांविषयी नवा कायदा झाला आणि पुढे मूल्यमापनाची एक सामायिक पद्धत आली. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, समाजसेवक आणि मुले सांभाळणारी बाई, ह्यांनी आपापल्या वहीत निरनिराळे लिहून ठेवण्याऐवजी एकाच कागदावर एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना होती. मुलाची वाढ, आईवडिलांची सांभाळण्याची शक्ती आणि कुटुंबाची परिस्थिती ह्या तिन्हींचा विचार त्यात होतो. मुलाभोवती एक गट जमतो, त्यातील एक जण प्रमुख दुवा होतो आणि आईला तीच कहाणी पाच कचेऱ्यांत पाच वेळा सांगावी लागत नाही. आज बहुतेक ठिकाणी ह्या पद्धतीला ‘अर्ली हेल्प’ मूल्यमापन म्हणतात, म्हणजे संकट येण्यापूर्वीच करावयाचे साहाय्य. चाइल्डमाइंडर असे मूल्यमापन स्वतः सुरू करू शकते किंवा इतरांनी सुरू केलेल्यात आपली साक्ष देऊ शकते.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आईने विश्वासाने आपले मूल सोपवले. त्या घरात जे दिसले ते बाहेर सांगणे हा विश्वासघात नव्हे काय? ह्याचे उत्तर देताना विश्वास कशासाठी ठेवला होता हे विचारले पाहिजे. आईने बाईंच्या हाती आपली अब्रू सोपवली नव्हती, मूल सोपवले होते. त्या विश्वासाचे मोल मुलाच्या हितात आहे. जे मौन मुलाच्याच विरुद्ध जाते, ते विश्वासाच्या नावाने राखलेले असले तरी विश्वासाला धरून नसते. मात्र म्हणून आईला वगळून कुजबुज करण्याचा परवानाही मिळत नाही. ह्या मूल्यमापनाचा पायाच मुळी पालकांची संमती हा आहे. जे बोलायचे ते प्रथम आईशी, तिच्या तोंडावर, मायेने बोलायचे. दोन ते तीन वर्षांच्या मुलाच्या प्रगतीचा लेखी सारांश चाइल्डमाइंडरने पालकांना द्यावा, असाही तेथे नियम आहे. मूल गंभीर इजेच्या छायेत आहे अशी शंका असेल आणि आधी विचारल्याने त्याचाच धोका वाढणार असेल, तेव्हा मात्र संमतीसाठी थांबून चालत नाही. तेव्हाचे थांबणे म्हणजे सभ्यता नव्हे.

दुसरा आक्षेप पाहणाऱ्याच्या डोळ्यांविषयी आहे. पवित्र शास्त्रात एली याजकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मंदिरात हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती. तिचे ओठ हलताना एलीने पाहिले, आवाज काही ऐकू आला नाही, आणि ती प्यायली आहे असे त्याने ठरवून टाकले. त्याने पाहिले ते खोटे नव्हते, त्याने लावलेला अर्थ खोटा होता. एलीचा मोठेपणा एवढाच की हन्ना बोलली तेव्हा त्याने ऐकले आणि आपला शब्द फिरवला. प्रत्येक मूल्यमापनाने ही गोष्ट समोर ठेवावी. ‘आई बेफिकीर आहे,’ हा निकाल झाला. ‘सोमवारपासून गुरुवारपर्यंत मुलाच्या अंगात तोच ओला सदरा होता,’ ही साक्ष झाली. पहिल्या वाक्यानंतर आईला बोलायला जागा उरत नाही. दुसऱ्या वाक्यानंतर ती सांगू शकते की नवरा घर सोडून गेला, कपडे वाळवायला जागा नाही, रात्रपाळी करून ती थकली आहे. त्या सांगण्यातूनच मदतीची वाट निघते. गरिबी आणि दुर्लक्ष ह्यांच्या खुणा दुरून सारख्याच दिसतात, म्हणून जवळच्या साक्षीदाराने निकाल देण्याची घाई करू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. साक्ष दिली की ऋण फिटले काय? जुलै 1999 मधल्या त्या बाईंनी आणि त्यांच्या मुलीने जे करावयास हवे ते केले. त्यांच्या शंकेपेक्षा वरच्या माणसाचा शब्द भारी ठरला आणि त्यानंतर एका कचेरीने दुसरीवर विसंबून राहावे असा क्रम सुरू झाला. अनेकांच्या हाती जबाबदारी असली की ती कोणाच्याच हाती राहत नाही. ही गोष्ट ख्रिस्ती वाचकाला नवी वाटू नये. आपल्या प्रभूलाही एका रात्रीत आणि एका सकाळी हन्नाकडून कयफाकडे, कयफाकडून पिलाताकडे, पिलाताकडून हेरोदाकडे आणि पुन्हा पिलाताकडे फिरवण्यात आले. प्रत्येकाने चौकशी केली. शेवटी एकाने पाणी मागवून हात धुतले. कागद पुढे सरकला म्हणून न्याय झाला असे होत नाही.

म्हणून सामायिक मूल्यमापनाचे खरे मोल कागदात नसून मेजाभोवतीच्या खुर्च्यांत आहे. मुले सांभाळणारी बाई त्या मेजाशी बसते का? बैठक दुपारी अकराला ठेवली आणि तिच्या घरी चार मुले असली तर ती यायची कशी? आली तर पदवीधरांपुढे तिचा शब्द कोणी लिहून घेते का? आणि तिच्याकडेही एक कर्तव्य उरतेच: आपली शंका ऐकली गेली नाही तर पुन्हा विचारणे, ‘त्या मुलाचे पुढे काय झाले?’ असे नम्रतेने, पण न थकता विचारणे.

व्हिक्टोरियाच्या कथेत प्रार्थनामंदिरही येते, आणि हे लिहिताना मान खाली जाते. तिची ती आजी तिला प्रार्थनासभांना नेत असे. तेथील पाळकांनी तिची अवस्था पाहिली आणि तिला भूतबाधा झाली आहे असे मानले. अगदी शेवटी, 24 फेब्रुवारीला, तिची दशा पाहून तिला रुग्णालयात न्या असे तेथे सांगण्यात आले. तिला नेणाऱ्या टॅक्सीचालकाने तर तिला पाहताच गाडी थेट जवळच्या रुग्णवाहिका केंद्राकडे वळवली. ज्याला उपदेशाचा अधिकार नव्हता त्याने लेकराकडे लेकरू म्हणून पाहिले.

आपल्या मंडळ्यांतही पाहणारे आहेत. रविवारच्या शाळेतील ताई आहेत, वसतिगृहाच्या मावशी आहेत, शेजारच्या पाळणाघरातील काकू आहेत. त्यांच्या कानी आलेली गोष्ट आपण ‘मंडळीची बदनामी नको’ म्हणून दडपतो का? लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा आपल्या देशात 2012 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि संकटातील मुलांसाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक आहे. परंतु कायदा शेवटचा दरवाजा आहे. त्याच्या कितीतरी आधी एखाद्या थकलेल्या आईजवळ बसून ‘ताई, बाळ हल्ली जेवत नाही, घरी सर्व ठीक आहे ना?’ एवढे विचारता येते.

प्रभूने शिष्यांच्या मध्ये एक बालक उभे केले तेव्हा त्याला बाजूला नव्हे, मध्ये उभे केले. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर जाव्यात अशा जागी. ज्याची नजर गेली, त्याला आता ‘मी पाहिले नाही’ असे म्हणता येणार नाही.