इशाऱ्यांचे दप्तर

एखादे प्रवासी विमान सुरक्षित आहे की नाही, याचा निवाडा आपण बहुधा मृतांच्या संख्येवरून करतो. उड्डाणे किती झाली, अपघात किती झाले, त्यांत माणसे किती दगावली, याचा त्रैराशिकाने हिशेब मांडला की विमानाच्या नावापुढे एक आकडा उभा राहतो, आणि तो लहान असला म्हणजे आपले समाधान होते. या रीतीने पाहिले तर मॅक्डॉनेल डग्लस कंपनीच्या डीसी-१० या विमानाची दीर्घकालीन कामगिरी त्याच्या पिढीतील इतर विमानांच्या मानाने फारशी वाईट ठरत नाही. १९७१ साली सेवेत रुजू झालेले हे विमान २०१४ पर्यंत प्रवासी वाहत राहिले, आणि एवढा काळ टिकलेल्या यंत्राला सदोष म्हणणे अनेकांना अन्यायाचे वाटते. परंतु हा सरासरीचा आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न मला गौण वाटतो. संकटाची वर्दी कोणाला मिळाली, केव्हा मिळाली, आणि मिळाल्यानंतर तिचे काय झाले, हा खरा प्रश्न होय. आणि या कसोटीवर डीसी-१०चा इतिहास अत्यंत क्लेशदायक आहे.

विमानाचे बहुतेक दरवाजे आतून बसविलेल्या बुचासारखे असतात. उंचीवर गेल्यावर आतील हवेचा दाब त्यांना अधिकच घट्ट करतो. डीसी-१०च्या सामानाच्या कोठीचा दरवाजा मात्र, आतली जागा वाचावी म्हणून, बाहेर उघडणारा केला होता, आणि त्यामुळे त्याची सारी भिस्त कड्यांवर व त्या कड्या जागेवर धरून ठेवणाऱ्या खिट्यांवर होती. कड्या पुरत्या बसल्या नसतानाही बाहेरचा दांडा जोर लावून मिटविता येत असे, आणि तो मिटला की दरवाजा बंद झाल्याचा भास होई. त्यात भर अशी की, विमानाच्या शेपटीचे नियंत्रण करणाऱ्या तारा प्रवाशांच्या पायाखालच्या तळातून गेलेल्या होत्या. कोठीतील हवा एकाएकी निघून गेली तर वरच्या दाबाने तो तळ खचणार आणि तारा निकामी होणार, हे उघड होते. १९७० साली कारखान्यातच, जमिनीवर केलेल्या दाबाच्या चाचणीत दरवाजा उडाला आणि तळ कोसळला. ही पहिली वर्दी.

दुसरी वर्दी १२ जून १९७२ रोजी आली. अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाचा हाच दरवाजा कॅनडातील विंडसर शहरावर उडून गेला, तळाचा काही भाग खचला आणि नियंत्रण जवळजवळ हातचे गेले. परंतु कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक यांनी इंजिनांचा जोर कमीअधिक करून विमान वळविण्याचा सराव स्वतः होऊन केलेला होता, आणि त्या दूरदृष्टीमुळेच त्यांनी विमान डेट्रॉइटला सुखरूप उतरविले. सर्वांचे प्राण वाचले. मृतांची संख्या शून्य असल्यामुळे सरासरीच्या हिशेबात या घटनेला जवळपास काहीच वजन नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र त्या सबंध दशकातील याहून मोलाची घटना दाखविणे कठीण आहे.

यानंतर सरकारी दप्तरात जे घडले ते विस्ताराने सांगण्याजोगे आहे. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन मंडळाने दरवाजात आणि तळाच्या रचनेत बदल करण्याची शिफारस केली. विमान वाहतूक प्रशासनाने बंधनकारक हुकूम काढणे हा त्यावरचा सरळ मार्ग होता. परंतु प्रशासनाचे प्रमुख जॉन शॅफर आणि डग्लसचे अध्यक्ष जॅक्सन मॅकगोवन यांच्यात तोंडी समझोता झाला, आणि हुकुमाऐवजी कंपनीने आपल्या ग्राहकांना सूचना-पत्रके पाठविण्यावर भागले. शॅफर यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की स्वेच्छेने काम तितक्याच लवकर होईल अशी त्यांची समजूत असावी, आणि बहुतेक विमानांच्या दरवाजांत दुरुस्त्या झाल्याही. पण समझोत्याला साक्षीदार नसतो, मुदत नसते आणि कसूर करणाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकारही कोणाला नसतो.

विंडसरच्या घटनेच्याच महिन्यात, विमानाचा सांगाडा बांधणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीतील अभियंता डॅन ॲपलगेट यांनी वरिष्ठांना टिपण लिहून बजावले की पुढील वीस वर्षांत असे दरवाजे उघडणारच आणि त्यातून विमाने नष्ट होणार. वरिष्ठांना त्यातील वस्तुस्थिती अमान्य नव्हती. दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी बसेल, याची त्यांना धास्ती होती. टिपण कंपनीबाहेर गेले नाही. ते जगापुढे आले ते पुढे न्यायालयात दावे उभे राहिल्यावर.

३ मार्च १९७४ रोजी पॅरिसहून लंडनला निघालेल्या टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१०चा हाच दरवाजा उडाला, तळ कोसळला, तारा तुटल्या, आणि एर्मेनोनव्हीलच्या अरण्यात ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. दरवाजाच्या दुरुस्तीत जी आधारपट्टी बसवावयाची होती, ती या विमानात बसविलेली नव्हती. ते १९७२ साली कारखान्यातच उभे असता काम पुरे झाल्याची नोंद मात्र झाली होती आणि तिच्यावर तपासनिसांचे शिक्केही उमटले होते. ज्या कामामागे हुकुमाची सक्ती नव्हती, ज्याची फेरतपासणी करण्यास बाहेरचा कोणी बांधलेला नव्हता, त्या कामाच्या नोंदीवर शेकडो जिवांचा भार ठेवला गेला. शिक्का मारणाऱ्या हाताची चूक मोठी खरी, पण त्या एका शिक्क्यावर सारे अवलंबून राहील अशी व्यवस्था ज्यांनी पत्करली, त्यांचा दोष मला अधिक मोठा वाटतो.

शिकागोला २५ मे १९७९ रोजी झालेल्या, २७३ बळी घेणाऱ्या डीसी-१०च्या अपघाताचे तांत्रिक कारण निराळे होते. इंजिन त्याच्या आधारासकट एकदम उतरविण्याच्या घाईच्या पद्धतीमुळे आधाराला तडा गेला होता. पण तसेच तडे दुसऱ्या एका विमान कंपनीत आधीच आढळले होते, आणि ती खबर सरकारी प्रशासनापर्यंत पोहोचलेली नव्हती. पाच वर्षांनंतरही वर्दी पुन्हा वाटेतच अडली होती.

म्हणून माझा आग्रह असा की विमानाची सुरक्षितता मोजताना जे अपघात टळले त्यांची नोंद प्रथम पाहावी, आणि अशी नोंद कंपनीच्या कपाटात न राहता प्रवाशांना वाचावयास मिळावी असा कायदा असावा. १९७२ साली जे करणे अवघड मानले गेले, ते पॅरिसच्या दुर्घटनेनंतर सक्तीने करविण्यात आले: दरवाजाची कुलुपव्यवस्था बदलली, आणि मोठ्या विमानांचे तळ सुधारण्याचा आदेशही पुढल्या वर्षी निघाला. त्यानंतर डीसी-१०च्या सामानाच्या दरवाजामुळे एकाही प्रवाशाचा प्राण गेला नाही.