उपचाराचे ऋण

एखाद्या उपकारातून पुढे अपाय उद्भवला, तर तो उपकार खोटा ठरतो काय? सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताने पाय ताठरलेल्या बालकाच्या आईबापांना हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवावा लागतो.

इटलीतील फासानो यांची एक शस्त्रक्रिया 1980 च्या दशकाच्या आरंभी केपटाऊन येथे डॉ. वॉरिक पीकॉक यांनी कमरेच्या भागात आणून सुधारली. संवेदना वाहणाऱ्या मज्जामुळांचे धागे विजेने एकेक तपासावयाचे आणि ज्यांच्यामुळे स्नायू अवाजवी आखडतात ते कापावयाचे. कात्रीसारखे एकमेकांवर पडणारे पाय सुटे होतात. योग्य निवड झालेली मुले अधिक चांगली चालतात. मात्र कापलेला धागा पुन्हा जुळत नाही. शिवाय तेथवर पोचण्यासाठी अनेक मणक्यांच्या मागील कमानी उघडाव्या लागत. पुढे वाढीच्या वर्षांत काहींच्या कमरेचा बाक वाढला, काहींचा कणा बाजूस वळला, काहींचा एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकला. दोष शस्त्रक्रियेचा की मूळ व्याधीचा? या व्याधीत शस्त्रक्रियेवाचूनही कणा वाकतो. म्हणून हिशेब चोख मांडता येत नाही. (ज्या ताठरपणाला आपण शत्रू म्हणतो, त्याच्याच आधाराने काही दुबळी मुले उभी असतात, हेही विसरू नये!) सेंट लुईस येथे डॉ. पार्क यांनी पुढे एकच कमान उघडण्याची रीत रूढ केली. तरी पाठीवर लक्ष ठेवणे सुटले नाही.

बेथेसदा तळ्याकाठी प्रभूने 38 वर्षे आजारी असलेल्या मनुष्याला आधी त्याची इच्छा विचारली. पाच वर्षांच्या लेकराला आपण काय विचारणार? संमती आईबापांची, आणि पाठीचे दुखणे आले तर ते पंधराव्या वर्षीच्या मुलाचे. माझ्या मते एवढ्याने तो निर्णय अनीतीचा ठरत नाही. नकारही मुलाच्या वतीनेच दिलेला असतो, आणि त्याचीही किंमत मूलच भरते. परंतु दुसऱ्याच्या वतीने पत्करलेला धोका शस्त्रक्रियेच्या दिवशी फिटत नाही. वाढ पुरी होईपर्यंत कण्याची तपासणी, क्ष-किरण चित्रे, व्यायाम हे सारे त्याच निर्णयाचे भाग होत. वाकू लागलेल्या कण्याकडे "देवाची इच्छा" म्हणून दुर्लक्ष करणे मला श्रद्धेचे वाटत नाही.

मंडळीत पहिल्या पावलांबद्दल उपकारस्तुती होते. दहा वर्षांनी तेच मूल उपासनेच्या बाकावर अर्धा तास बसू शकत नाही, तेव्हा त्याच्या आईला रुग्णालयापर्यंत सोबत करणारे थोडेच उरतात. आणि मूल जाणते झाल्यावर काय मिळावे म्हणून काय पत्करले, हे त्याला आईबापांनीच सांगावे. ते रागावले, तर ऐकून घ्यावे.