आडोसा

हरणाला जवळ आणणे फारसे अवघड नाही. त्याला काय कमी पडते आहे ते ओळखले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे जिवावर येते: ते आल्यावर आपण दिसता कामा नये.

झाड असले की हा प्रश्न सुटतो. वर मचाण, खाली पाणवठा, आणि डास चावले तरी न हलण्याची तयारी. झाडच नसले तर?

*

जळगाव जामोद तालुक्यात झाडांचे आणि उघडे अशी दोन्ही राने शेजारी शेजारी आहेत. उत्तरेला सातपुडा, सागाचा आणि सालईचा. दक्षिणेला थेट पूर्णेपर्यंत काळ्या मातीचे सपाट शिवार. नजर अडायला बांधावरची बाभूळ किंवा एखादा निंब, बस्स. डोंगरातल्या कोरकू, निहाल, भिलाला घरांतून धनुष्यबाण असत. खाली मैदानात फासेपारध्याचा फास असे. बाणाचा भरवसा पंचवीस-तीस पावलांपर्यंत, आणि उघड्यावरचे काळवीट माणसाला तेवढे जवळ येऊच देत नाही. म्हणून धनुष्य डोंगराचे, फास मैदानाचा. हत्यार जमीन ठरवते, माणूस फक्त ते उचलतो.

*

अमेरिकेत नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा या भागांत असाच उघडा गवताळ मुलूख आहे. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्याने शिकार करणारे हौशी लोक आहेत. परवाना, हंगाम, सगळे कायदेशीर. झाड नाही म्हणून त्यांच्यातले काही जण गवतात एक लाकडी खांबच पुरतात. आसपास दुसरे काही उभे नसते, त्यामुळे नर तिथे येतो, कपाळ आणि शिंगे घासतो, आपला वास ठेवतो, आधी येऊन गेलेल्याचा घेतो. खांब म्हणजे त्यांची चावडी. शिकारी बसतो चाऱ्याच्या गोल गठ्ठ्यासारख्या दिसणाऱ्या तंबूत.

तिथल्या अनेक राज्यांत मक्याचे दाणे टाकून हरीण बोलावायला बंदी आहे, मका पेरायला नाही. ओतलेला दाणा आमिष, उगवलेला दाणा शेती. कायद्याला हा फरक कळतो. हरणाला कळत असेल असे वाटत नाही.

*

मिठाचेही तसेच. शिंगे वाढवणाऱ्या नराला, पाडसाला पाजणाऱ्या मादीला क्षार लागतात. त्यासाठी जनावर लांबून चाटणाच्या मातीकडे येते. तिकडचे शिकारी मिठाच्या विटा विकत आणतात. इकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टाच आहे. बोअरचे पाणी खारट. पिकाला सोसत नाही, माणसाला तर नाहीच. मूत्रपिंडाच्या आजारांच्या बातम्या या पट्ट्यातून वर्षानुवर्षे येत आहेत. जिथे जमिनीखालीच मीठ मुरलेले आहे तिथे मिठाची वीट ठेवून कोणाला भुलवणार? आमिषाची ताकद तुटवड्यात असते.

मैदानातला तुटवडा हिरव्याचा. पौषात गवत वाळून कोळ झालेले असते आणि त्यात हरभऱ्याचे एवढेसे हिरवे वावर घाट्यावर आलेले. प्रेअरीतला शिकारी पदरचा पैसा घालून हरणासाठी चारा पेरतो. आमचा शेतकरी कर्ज काढून पेरतो, आणि हरीण येऊ नये म्हणून रात्रभर जागतो.

*

त्याचे उपाय बघा. बुजगावणे. जुन्या साड्यांचे कुंपण. पत्र्याचा डबा. फटाके. झटका मशीन. माळ्यावरची राखण, तीही थंडीत, बॅटरी घेऊन. सगळे उपाय चालतात, पण थोडे दिवस. पहिल्या रात्री रोही (नीलगाय) साडी फडफडलेली पाहतो आणि बांधावरून परत फिरतो. काही दिवसांनी तोच रोही त्याच साडीखाली मान घालून घाटे खातो.

बुजगावणे पहिला आठवडा शेतकऱ्याचे असते. नंतर ते रोह्याचे.

जे रोज दिसते आणि काही करत नाही, ते जनावराच्या लेखी नसतेच. शेतकऱ्याला हा नियम बुडवतो. पारध्याला याच नियमाने तारले.

*

फासेपारध्याचा बैल (किंवा गाय, दोन्ही चालत) हा या नियमाचा सर्वांत देखणा उपयोग. गुरू शिकवलेले असे. नाकातून बारीक दोरी, दोरीचे टोक पारध्याच्या हातात. तो जनावराच्या कुशीला वाकलेला, पाय त्याच्या पायांमागे पडतील असे टाकत चाललेला. गुरू चार पावले जाई, चरे, पुन्हा दोन पावले तिरके जाई. कळपाच्या दिशेने सरळ कधीच नाही, कारण चरणारे गुरू सरळ चालत नाही. सरळ चालतो तो मतलबी. हरीण मान वर करी, बैल बघी, मान खाली घाली. बैल त्याने जन्मापासून बघितलेला. बैलाला सहा पाय आहेत हे मोजायचे त्याला कधी कारणच पडले नव्हते.

मग गवतात खुंट्यांना बांधलेली फासांची रांग लागे. फास कातड्याच्या वादीचे किंवा तातीचे, वाळल्या गवतात न दिसणारे. बाकीचे लोक पलीकडून कळपाला हळूच हलवत. धावणारे हरीण समोरचा धोका बघते, पायाखालचा नाही.

उघड्या रानात लपायला जागा नसते असे म्हणतात. पारधी हरणाच्या सवयीत लपत असे.

*

दुसरी रीत रागाची. माजावर आलेला काळवीट आपला टापू धरून उभा राहतो. ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग घालतो, डोळ्यांजवळच्या ग्रंथीचा वास काडीकाडीला लावतो, अंगाने काळाभोर होतो आणि मुद्दाम उघड्यावर मिरवतो. त्याला मादीने पाहायला हवे असते. शिकाऱ्यालाही तेच हवे असते. माणसाळवलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला अशा नराच्या टापूत सोडत. टापूचा धनी अंगावर येई, शिंगात शिंग अडके, फास आवळला जाई.

ओढीने येणारा थोडा तरी बिचकत येतो. रागाने येणारा आजूबाजूला बघत नाही. हे वाक्य मी हरणांबद्दलच लिहितो आहे.

ही युक्ती केवळ रानातल्या माणसांची नव्हती. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत शिंगांना जाळे बांधलेल्या पाळीव हरणाकडून रानटी हरीण धरण्याचे वर्णन आहे. जहांगीराजवळ मनसराज नावाचा असाच एक पटाईत काळवीट होता. पाळीव हरणांशी झुंजण्यात आणि रानातली हरणे धरून देण्यात त्याला तोड नव्हती. तो मेला तेव्हा बादशहाने लाहोरजवळ शेखूपुऱ्याला त्याच्या आठवणीत मिनार उभारला, सुमारे १६०७ साली. तो हिरन मिनार आजही उभा आहे. त्या परिसरात कोणी हरीण मारू नये असेही फर्मान काढले. जातभाईंना धरून देणाऱ्याचे एवढे मोठे स्मारक दुसरे असेल का, शंका आहे. पण त्याच्यापायी उरलेल्या हरणांचे जीव वाचले, हेही खरे.

बादशहाने केले तेव्हा तो छंद होता. पारध्याने तेच पोटासाठी केले. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, तो पुढे देशभर पसरला आणि माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरू लागली. तो कायदा १९५२ साली गेला. त्याचा शिक्का कचेऱ्यांच्या आणि गावांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, मारले तर तीन ते सात वर्षे कैद. शिकार थांबायलाच हवी होती. जिच्या पिढ्या या एका विद्येवर जगल्या त्या जमातीने उद्यापासून काय खावे, हे मात्र कुठल्या कलमात लिहिलेले नव्हते. पलीकडे अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर शोधायची वेळ आली तेव्हा पक्षी वाचवू पाहणारी माणसे शेवटी फासेपारध्यांकडेच गेली. गवतात काय हलले हे त्यांच्याइतके कोणाला कळत नव्हते.

*

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. शेतात घट मांडून भोवती अठरा धान्ये रचायची, रात्री तिकडे कोणी फिरकायचे नाही, पहाटे कुठला दाणा जागेवरून हलला ते पाहायचे आणि त्यावरून पाऊस, पीक, राजा यांचे भाकीत सांगायचे. भाकितावर माझा विश्वास नाही. पण रात्री उघड्या रानात दाणे मांडून पहाटे त्यांच्यावर वाकणे ही माग काढणाऱ्याचीच रीत आहे. फरक एवढाच, की मागावरचा माणूस पुढचे सांगत नाही. कोण येऊन गेले तेवढे सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो.

*

आता बैल कमी झाले. नांगरटीला ट्रॅक्टर, मळणीला यंत्र. हरणेही ट्रॅक्टरला सरावली आहेत. नांगर फिरत असताना ती शेजारच्या वावरात निवांत चरतात. ड्रायव्हर खाली उतरला की मग पळतात. चोरटी शिकार करणाऱ्यांनी हे कधीच हेरले. ते येतात जीपने, रात्री, प्रखर दिवा घेऊन. शिकवलेला बैल लागत नाही, तातीचा फास लागत नाही, वर्षानुवर्षांची विद्या लागत नाही. हरणाला गाडीची सवय असली की झाले. ती सवय त्यांनी लावलेली नसते. आपण लावलेली असते.

म्हणून एक विनंती. जामोदच्या रस्त्याने, नाहीतर पूर्णेकडच्या कुठल्याही शिवारातून जाताना कळप दिसला तर डोळे भरून पाहा आणि पुढे चला. गाडी कडेला लावून तास-तास थांबू नका. बिस्किटे टाकू नका; खारे दाणे तर मुळीच नकोत. आणि गाडीचा आवाज ऐकून हरणे उधळली तर वाईट वाटून घेऊ नका. ती अजून पळताहेत, हे चांगले आहे.