उरलेल्या उजेडाचा हिशेब

वडिलोपार्जित मालमत्ता सरत चालली म्हणजे उरलेला पैसा कोठें खर्चावा हें सांगणारे लोक चोहोंकडून गोळा होतात. आणि ज्याचें घर लिलांवांत निघालें आहे त्यानें नाटकाचें तिकीट काढलें, तर तें त्यांना पाहवत नाहीं. द्रव्याच्या बाबतींत या सल्ल्यांत कांहीं तथ्य असेल. परंतु एखाद्याची दृष्टि जात असतां आपण त्याच तराजूनें त्याचे दिवस तोलूं लागतों, तेव्हां तराजू खरा आहे कीं नाहीं हें पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. मींही ती घेतली नव्हती.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा नांवाचा आनुवंशिक नेत्ररोग आहे. या रोगांत दृष्टिपटलावरील, मंद उजेडांत काम करणाऱ्या पेशी बहुधा आधीं मरतात. प्रथम तिन्हीसांजेला ठेचा लागूं लागतात. मग बाजूचें दिसेनासें होतें. आणि दृष्टिक्षेत्र वर्षानुवर्षें आकसत जाऊन नळींतून पाहावें तसें होतें. मधला ठिपका पुष्कळ काळ टिकतो. कित्येकांचा तोही जातो. पस्तिशीचा हा गृहस्थ रोज रात्रीं तासभर व्हिडिओ गेम खेळतो असें कळलें, तेव्हां मीं त्याला चांगलेंच सुनावलें. "उरलेला उजेड असा उधळूं नकोस. मुलीचा चेहरा डोळे भरून पाहा, चार चांगले ग्रंथ वाच." तो कांहीं बोलला नाहीं. मी समजलों, याला पटलें.

पुढें एका नेत्रवैद्यांशीं बोलतांना कळलें कीं, वाचल्यानें किंवा खेळल्यानें हा रोग वाढत नाहीं. डोळा वापरला म्हणून झिजत नाहीं, आणि झांकून ठेवला म्हणून शिलकींत पडत नाहीं. मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण अंध झाला. आपल्या अंधत्वावरील सुनीतांत त्यानें प्रकाश खर्च होण्याची भाषा वापरली आहे. तें सुनीत मीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकविलें, आणि कवीचें रूपक वैद्यकाचा सिद्धांत म्हणून विद्यार्थ्याच्या गळ्यांत बांधलें!

अर्थात् पाहण्याचे दिवस मोजके आहेत, हें तर खरेंच. पण मग त्याच्या दिवसांत काय शोभतें व काय शोभत नाहीं, हें मीं कशावरून ठरविलें? तो रोज बुद्धिबळ खेळतो असें ऐकलें असतें, तर मीं ब्रही काढला नसता. माझा राग डोळ्यांसाठीं नव्हता. ज्या खेळाला माझ्या पिढीनें प्रतिष्ठा दिलेली नाहीं त्या खेळावर होता. हें ध्यानांत आल्यावर मी त्याच्या घरीं गेलों आणि खेळ दाखवावयास सांगितलें.

त्यानें २०२० सालीं निघालेला 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग लावला. कथानक सूडाचें व रक्तपाताचें आहे. तें मला रुचलें नाहीं, पण 'हॅम्लेट' शिकविणाऱ्यानें याबद्दल फार बोलूं नये. लक्षांत राहिल्या त्या त्यांतील सोयी. त्यांची संख्या साठाहून अधिक आहे. पडद्यावरील अक्षरें यंत्र वाचून दाखवितें. एक कळ दाबली कीं सभोंवारचा देखावा करडा होऊन शत्रु ठळक रंगांत उठून दिसतो. दुसरीनें नायिकेचें तोंड पुढच्या वाटेकडे वळतें. जवळपास काय पडलें आहे तें आवाजावरून समजतें. या सर्वांच्या बळावर पूर्ण अंध माणसांनींही हा खेळ शेवटापर्यंत नेला आहे.

येथें आक्षेप येतो, आणि तो मीं घेतला. "इतकी मदत घेतल्यावर जिंकलें कोण? तूं कीं यंत्र?" हा प्रश्न मला आजही उडवून लावण्यासारखा वाटत नाहीं, कारण अडथळा काढून टाकला तर खेळ उरत नाहीं. पण कोणता अडथळा? अंधांच्या बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घरांत भोंक असतें, मोहऱ्यांना खुंट्या असतात, चाल मोठ्यानें सांगावी लागते. तेथें वजीर गमावणारा आपल्याच बुद्धीनें गमावतो. २०२३ सालच्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' या मोटारींच्या शर्यतीच्या खेळांत अंधासाठीं वळणाची सूचना नादानें मिळते. वेग किती राखावयाचा, हें मात्र हातांनींच शिकावें लागतें. दिसणें ही त्या खेळांची परीक्षा नव्हे, परीक्षेच्या दालनाचा दरवाजा आहे. सर्वच खेळ असे नाहींत. चित्रांत लपलेली वस्तु हुडकणें हाच ज्याचा प्राण आहे त्याला दुसरा दरवाजा पाडतां येत नाहीं, आणि असे दोनतीन आवडते खेळ या गृहस्थानें कायमचे सोडले आहेत. तें सांगतांना त्याचा आवाज किंचित् उतरला.

दर वर्षा-दोन वर्षांनीं एखादी नवी सोय चालू करावी लागते. ती कळ दाबणें म्हणजे आणखी कांहीं गेलें अशी स्वतःपाशीं कबुली देणें. म्हणून गरज पडण्यापूर्वींच सर्व सोयी शिकून ठेवावयाच्या असें त्यानें ठरविलें आहे. रविवारीं डोळ्यांना रुमाल बांधून तो खेळतो. "म्हणजे पुढच्या आयुष्याची ही तालीमच म्हणावयाची!" मी समाधानानें म्हणालों. तो हंसला. "तालीम होते, सर, पण मी खेळतों तें मजा वाटते म्हणून. तुम्ही सगळे मला कांहीं ना कांहीं उपयोगाचें करावयास कां लावतां? भाचे म्हणतात, 'मामा, आम्ही खेळतों, तूं शेजारीं बस, काय झालें तें सांगूं.'"

द्यूतसभेंत धृतराष्ट्र असाच शेजारीं बसून "जिंकलें का?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारीत होता. त्याचा पुत्रमोह आपण कथाकीर्तनांतून पुष्कळ ऐकला आहे. पण दान टाकण्याची जागा ज्याला नाहीं, त्याला निकालाखेरीज विचारण्यासारखें उरतें तरी काय, हें त्या दिवसापर्यंत माझ्या मनांत आलें नव्हतें.

मग त्यानें कंट्रोलर माझ्या हातांत दिला. चष्मा पुसून मीं पडद्याकडे डोळे ताणले, आणि तिसऱ्याच मिनिटाला माझी नायिका कड्यावरून खालीं गेली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गेली.

"सर, कड्याशीं पाऊल थांबविणारी एक सोय आहे. चालू करूं का?"

मी क्षणभर घुटमळलों. मग "कर" म्हणालों.